दहा रुपयांचा भाग

बाजारात टोपली मांडून बसणाऱ्या स्त्रीच्या हाती पैसा किती वेळ टिकतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पहाटे ती पन्नास रुपये उसने घेते, त्यांचा भाजीपाला आणते, दिवसभर उन्हात बसून तो विकते आणि दिवेलागणीला सावकाराच्या हातावर पंचावन्न रुपये ठेवते. वर जे काही उरेल त्यात घरची चूल पेटते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच पन्नास रुपये. दिवसाला दहा टक्के, म्हणजे वर्षाकाठी मुद्दलाच्या छत्तीस पटींहून अधिक व्याज! १९७० च्या सुमारास अहमदाबादच्या बाजारांत बसणाऱ्या कितीतरी बायांचा हा नित्याचा व्यवहार होता. त्यात त्यांना फारसे वावगेही वाटत नसे. कारण सावकार निदान मागितल्या वेळी पैसे देत होता आणि कागदपत्रे मागत नव्हता.

येथे एखादा हिशोबी गृहस्थ म्हणेल की, या बाईने रोज एकच रुपया बाजूला टाकला तर पन्नास दिवसांत तिचे भांडवल तिचे स्वतःचे होईल व सावकाराचा पाश सुटेल. हिशोब चोख आहे. पण तो रुपया ठेवायचा कोठे? झोपडीतल्या पत्र्याच्या डब्यात ठेवला तर तो नवऱ्याला ठाऊक होतो, मुलाला ठाऊक होतो, गावाहून आलेल्या दिराला ठाऊक होतो. पदराच्या गाठीला बांधला तर गर्दीत जातो. गरिबाला कर्ज मिळत नाही हे सर्वांना दिसते. गरिबाला पैसा ठेवायला जागा नसते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी आले. ज्या बायांच्या ते ध्यानी आले त्यांनी १९७४ साली स्वतःची बँक काढली. त्या बँकेची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

लहान कर्जांच्या चळवळीचा इतिहास सांगताना बहुधा बांगलादेशापासून आरंभ करतात. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा या खेड्यात प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी बेचाळीस जणांना मिळून सत्तावीस डॉलर उसने दिले, १९८३ साली त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली युनूस व त्यांची बँक यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, ही कथा जगभर पोहोचली आहे. ती पोहोचावी अशीच आहे. त्यांच्या मोठेपणाला उणेपणा आणण्याची आमची मुळीच इच्छा नाही. तरी कालक्रम नोंदवायलाच हवा. जोब्राच्या आधी दोन वर्षे अहमदाबादची बँक उभी होती. दोहोंमध्ये आणखी एक भेद आहे, आणि आम्हांस तो अधिक मोलाचा वाटतो. जोब्रात पहिला पैसा प्राध्यापकांच्या खिशातून आला. अहमदाबादेत तो बायांच्या कनवटीतून आला.

अहमदाबाद हे गिरण्यांचे शहर. तेथे पहिली कापडगिरणी १८६१ साली सुरू झाली. १९१८ साली गिरणी कामगारांचा जो प्रसिद्ध संप झाला त्यात गांधीजींनी उपोषण केले, आणि गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्याविरुद्ध कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. त्यातूनच १९२० साली मजूर महाजन ही कामगारसंघटना जन्मास आली. देशातील सर्वांत शिस्तबद्ध संघटनांत तिची गणना होई. १९५४ साली मजूर महाजनाने महिला विभाग सुरू केला. त्यात गिरणी कामगारांच्या बायकामुलींना शिवण, विणकाम असे शिकवले जाई. स्त्री ही कामगाराची पत्नी, असा त्यामागचा समज होता. ती स्वतःच कामगार असू शकते, हा विचार त्या काळी कामगार चळवळीच्याही गावी नव्हता.

१९५५ साली मजूर महाजनाच्या कायदा विभागात एक तरुण वकील दाखल झाल्या. त्या म्हणजे इला भट्ट. १९३३ चा त्यांचा जन्म. १९६८ साली महिला विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९७१ मध्ये त्या इस्रायलला तेल अवीव येथे काही महिने शिकायला गेल्या. तेथे कामगार संघटना व सहकारी संस्था हातात हात घालून चालताना त्यांनी पाहिल्या. आमच्याकडे या दोन गोष्टींची सोयरीक कोणी जमवली नव्हती. संघटना मागणी करी, सहकारी संस्था व्यवहार करी, आणि दोघी एकमेकींकडे पाठ फिरवून बसत.

त्याच वर्षी कापडबाजारात डोक्यावरून गाठोडी वाहणाऱ्या परगावच्या बाया त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आल्या. या बाया रस्त्याच्या कडेला संसार मांडून राहत. किती फेऱ्या झाल्या याची नोंद व्यापाऱ्याकडे, बायांकडे काहीच नाही. मिळेल ती मजुरी घ्यायची. इलाबेननी वर्तमानपत्रात याविषयी लिहिले. त्यावर व्यापाऱ्यांनी उत्तर छापले की, आम्ही या बायांना अमुक इतका रास्त दर देतो. इलाबेननी काय करावे? त्यांनी व्यापाऱ्यांचे ते उत्तर लहान लहान कार्डांवर छापून घेतले व ती कार्डे बायांच्या हाती दिली. बायांनी ती व्यापाऱ्यांपुढे धरून छापील दर मागायला सुरुवात केली. ही युक्ती वाचून आम्हांस हसू आले खरे, परंतु तिच्यात पुढच्या सर्व कार्याचे बीज आहे. कागद हे ज्यांचे शस्त्र होते त्यांच्याच कागदाने त्यांना बांधले.

डिसेंबर १९७१ मध्ये एका सार्वजनिक बागेत या बायांची सभा भरली. जुन्या कपड्यांवर भांडी विकणाऱ्या, भाजीवाल्या, गाठोडीवाल्या अशा सगळ्या आल्या होत्या. तेथेच आपली संघटना काढण्याचे ठरले. नोंदणीला गेल्यावर सरकारी अधिकाऱ्यांनी विचारले की, तुमचा मालक कोण? मालक नसेल तर संघटना कोणाविरुद्ध? प्रश्न कायद्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. संघटना कोणाविरुद्ध नसून एकमेकींसाठी आहे, हे पटवायला काही महिने गेले. एप्रिल १९७२ मध्ये ‘सेवा’ संघाची नोंदणी झाली.

आता पैशाकडे वळू. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. बँकांनी गरिबांना कर्ज द्यावे असा सरकारचा आग्रह होता आणि १९७२ पासून तर अतिदुर्बल घटकांसाठी चार टक्के व्याजाची योजनाही आली होती. ‘सेवा’ने मध्यस्थी पत्करली. बायांचे अर्ज भरून द्यायचे, त्यांना बँकेत न्यायचे, हप्ते वसूल करून भरायचे. हेतू दोन्हीकडून चांगला होता. तरी ते गणित जुळले नाही.

का जुळले नाही, हे पाहण्यासारखे आहे. बाई बँकेत येई ती बाजार उरकून, घामेजलेल्या लुगड्याने, काखेत मूल व सोबत दोन. मुले रडत, धावत. बाकीचे खातेदार नाक मुरडत. कारकून तिला थांबवून ठेवी. ती थांबली की तिचा बाजार बुडे. बँकेची वेळ अकरा ते दोन, नेमकी तिच्या धंद्याची वेळ. फॉर्मवर नवऱ्याचे नाव, बापाचे नाव, सासरचे आडनाव, माहेरचे आडनाव यांचा घोळ होई. कर्ज मंजूर झाले तरी एवढी रक्कम एकदम घरी नेली की ती घरच्यांच्या नजरेस पडे. आणि हप्ता भरायला रोज दोन-पाच रुपये आणले तर मोठी बँक म्हणे, एवढी सुट्टी नाणी कोण मोजणार? कोणा एका कारकुनाचा हा दोष नव्हता. ती बँक दुसऱ्याच कोणासाठी बांधलेली होती.

डिसेंबर १९७३ च्या सभेत हा सारा त्रास पुन्हा निघाला. तेव्हा जुने कपडे विकणाऱ्या एका बाईने विचारले की, आपलीच बँक का काढू नये? आपण गरीब आहोत, बँकेला भांडवल लागते, असे तिला सांगण्यात आले. त्यावर तिने जे उत्तर दिले त्याचा आशय असा होता की, गरीब खऱ्या, पण आपण किती तरी आहोत. इलाबेननी २००६ साली आपल्या इंग्रजी ग्रंथाला याच उद्गाराचे नाव दिले.

भागाची किंमत दहा रुपये ठरली. दहा रुपये! त्या काळी अशा बाईची ती कित्येक दिवसांची मिळकत होती. अवघ्या काही महिन्यांत चार हजार बायांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेतला. भांडवल उभे राहिले, आणि मग सहकार खात्याची पायरी चढायची वेळ आली. निबंधकांचा आक्षेप ठरलेलाच होता. या बायांना लिहिता-वाचता येत नाही, सभेचे इतिवृत्त त्या वाचणार कशा, धनादेशावर सही करणार कशा? अंगठा उठवणाऱ्या बायांच्या हाती लोकांच्या ठेवी कशा सोपवायच्या?

बँकेच्या प्रवर्तक म्हणून ज्या पंधरा बाया पुढे आल्या होत्या त्या इलाबेनच्या घरी जमल्या आणि रात्रभर बसून त्यांनी आपापले नाव लिहिण्याचा सराव केला. ज्या बोटांनी पिढ्यानपिढ्या विड्या वळल्या, चिंध्या जोडल्या, जुड्या बांधल्या, त्या बोटांत पेन्सिल धरवत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या निबंधकांच्या कचेरीत गेल्या आणि एकेकीने कागदावर सही केली. २० मे १९७४ रोजी श्री महिला सेवा सहकारी बँकेची नोंदणी झाली.

सहीचा प्रश्न पंधराजणींपुरता सुटला, हजारोंचा उरला. नावे सारखी, आडनावे अनिश्चित, अंगठे ओळखणे जिकिरीचे. त्यावर बँकेने जो मार्ग काढला तो कोणत्याही बँकिंगच्या पुस्तकात नव्हता. प्रत्येक खातेदार बाईच्या हाती तिचा खातेक्रमांक लिहिलेली पाटी द्यायची आणि तिचे छायाचित्र काढायचे. ते छायाचित्र म्हणजेच तिची सही. त्यातील बहुतेकींचे आयुष्यातले ते पहिले छायाचित्र असावे, असा आमचा तर्क आहे. शाळेची पाटी जिच्या हाती कधी आली नाही, तिच्या हाती पाटी आली ती अशी.

आता थोडे विषयांतर करण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी. कारण हे लिहिताना आमचे मन वारंवार आपल्याच धर्मग्रामांकडे वळत होते. सहकार आपणांस परका नाही. मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली वसईत सहकारी पतसंस्था निघाली, तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. सावकाराच्या वहीत अडकलेल्या बागायतदाराला तिने उभे केले. पुढे गावोगाव पतपेढ्या झाल्या. आपल्या भगिनी बहुतांशी लिहित्या-वाचत्या. आपल्या शाळांनी ते श्रेय मिळवलेले आहे. कायदाही आपल्या भगिनींच्या बाजूने फार लवकर आला. १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याने विवाहित स्त्रीने स्वकष्टाने मिळवलेले वेतन व त्यातून केलेली बचत ही तिची स्वतंत्र मालमत्ता ठरवली. मूळ कायद्यातून हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन वगळलेले होते. ख्रिस्ती स्त्रियांना तो लागू होता. म्हणजे अहमदाबादच्या बायांनी पेन्सिल हाती धरण्याच्या शंभर वर्षे आधी!

असे असूनही काय घडत होते ते आम्ही पाहिले आहे. पाहिले म्हणण्यापेक्षा त्यात आमचा हात होता, असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल. एका पतपेढीच्या संचालक मंडळावर आम्ही काही वर्षे होतो. एके दिवशी एक भगिनी आपल्या नावावरची मुदत ठेव मोडायला आल्या. वाडीतली फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईला नेऊन विकायची, त्यातून ही ठेव त्यांनी साठवली होती. मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवायचे होते. नोंदवही उघडली तेव्हा दिसले की, त्या ठेवीच्या तारणावर त्यांच्या यजमानांनी कर्ज उचललेले आहे आणि संमतीपत्रावर बाईंची सही आहे. आम्ही तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला व म्हणाल्या, “सही माझीच आहे, साहेब. पण ती कशासाठी हे मला कोणी सांगितलं नव्हतं.” नियम सर्व आमच्या बाजूने होते. अर्ज घरी जाई, सह्या होऊन येई. कोणी वाचून सही केली की नाही हे विचारण्याची पद्धत नव्हती, आणि आम्हांपैकी कोणालाही ती पाडावीशी वाटली नाही. त्या वर्षी ती मुलगी गेली नाही.

म्हणून अहमदाबादच्या त्या रात्रीचा वृत्तान्त वाचताना आम्हांस केवळ कौतुक वाटले नाही, लाजही वाटली. त्यांना सही येत नव्हती म्हणून त्यांची बँक अडली. आपल्या भगिनींना सही येत होती, आणि तिचाच उपयोग करून आम्ही त्यांची ठेव अडकवली.

पुन्हा बँकेकडे येऊ. पहिली दोन वर्षे सेवा बँकेने मुख्यतः ठेवी गोळा केल्या व कर्जासाठी बायांची राष्ट्रीयीकृत बँकांशी गाठ घालून दिली. १९७६ पासून ती स्वतःच्या निधीतून कर्ज देऊ लागली. प्रथम बचत, मग कर्ज हा क्रम तिने सोडला नाही. बँकेची माणसे वस्तीत व बाजारात जाऊन रोजची बचत उचलीत. बाईला टोपली सोडून यावे लागत नसे. भाजीवालीचा बाजार जेथे, तेथेच तिची बँक.

कर्ज कशासाठी मागितले जाते याची यादी कोणाही अर्थशास्त्रज्ञाने अभ्यासावी अशी आहे. पहिल्या काळात पुष्कळ बायांना धंदा वाढवण्यासाठी कर्ज नको होते. सावकाराकडे गहाण पडलेले दागिने सोडवून हवे होते. मग बँकेनेच ते सोडवून आणले व स्वतःकडे तारण ठेवून कमी व्याज लावले. खेड्यातील बायांच्या बाबतीत गहाण जमीन सोडवण्याचा प्रश्न आला, तेव्हा बँकेने अट घातली की, सुटलेली जमीन बाईच्या नावावर चढली पाहिजे. एवढ्या एका अटीने जे साधले ते शंभर व्याख्यानांनी साधले नसते. पुढे घरदुरुस्तीसाठी अर्ज येऊ लागले. घरासाठीचे कर्ज अनुत्पादक, ही बँकिंगची रूढ समजूत. पण जी बाई घरातच विड्या वळते, अगरबत्त्या लाटते, कपडे शिवते, तिचे घर म्हणजे तिचा कारखाना. छप्पर गळले की तंबाखू भिजते आणि दिवसाची मजुरी जाते. हे बँकेने ओळखले, कारण तिच्या संचालक मंडळावर अशाच बाया बसत होत्या.

परतफेड नव्वद टक्क्यांहून अधिक राहिली. परंतु ज्यांनी फेडले नाही त्यांच्याविषयीची हकिकत अधिक बोलकी आहे. थकबाकीदार बायांच्या घरी जाऊन चौकशी केली तेव्हा त्यांतल्या काही मरण पावल्या असल्याचे कळले, आणि मृत्यूचे कारण बहुतेकींच्या बाबतीत बाळंतपण हे होते. बँकेच्या खतावणीत बुडीत कर्ज म्हणून जी ओळ दिसते, ती मुळात सूतिकागृहाच्या अभावाची ओळ होती. दुसऱ्या एखाद्या संस्थेने त्यावरून जामीन अधिक कडक केला असता. ‘सेवा’ने बाळंतपणासाठी साहाय्य सुरू केले, दाईंना प्रशिक्षण दिले, आणि पुढे १९९२ साली आजारपण, अपघात, वैधव्य, घराची हानी या सर्वांना धरून विम्याची एकत्र योजना आखली. ज्या बँकेला आपला ऋणको का मेला हे विचारावेसे वाटते, तिला आम्ही बँक म्हणूनही श्रेष्ठ मानतो.

वाट सरळ नव्हती. १९८१ साली गुजरातेत राखीव जागांविरुद्ध आंदोलन पेटले. इला भट्ट यांनी दलितांच्या बाजूने उघडपणे मत मांडले, आणि ज्या मजूर महाजनाच्या अंगणात ‘सेवा’ वाढली त्यानेच तिला बाहेर काढले. त्या दशकात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. हजारो पुरुष घरी बसले, आणि आजवर ‘जोडकमाई’ म्हणून हिणवली गेलेली बायकोची मिळकत हीच घरची कमाई झाली. १९८५ च्या व २००२ च्या दंगलींत शहर होरपळले. रोजच्या रोज कमावून खाणाऱ्या घरात संचारबंदीचा दिवस म्हणजे उपासाचा दिवस. ‘सेवा’च्या सभासदांत हिंदू होत्या तशाच मुसलमान होत्या, चिंध्यांच्या गोधड्या शिवणाऱ्यांत तर मुसलमान बायाच अधिक.

आपल्या महाराष्ट्रातही ही हवा आली. १९७५ साली मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. पुरवबाई मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला होता. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बाया किराणा दुकानदाराच्या उधारीत बुडालेल्या असत. गटागटाने एकमेकींना जामीन राहून त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवले. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभरात पाचशे गटांपासून आरंभला आणि पाहता पाहता तो गावोगाव पसरला.

परंतु आम्हांस विशेष आठवते ते सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवड. तो कायमचा दुष्काळी मुलूख. तेथे चेतना गाला सिन्हा यांनी गावच्या बायांसह बँक काढायचे ठरवले. १९९६ साली रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. कारण काय? प्रवर्तक बाया निरक्षर! अहमदाबादेतील त्या रात्रीला बावीस वर्षे उलटली होती, तरी आक्षेपाचा एक शब्द बदलला नव्हता. बाया काही महिने अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या, आणि या वेळी त्यांनी अधिकाऱ्यांनाच सांगितले की, आम्हांला वाचता येत नसले तरी हिशोब येतो. व्याजाचे गणित घाला, कोण आधी सोडवतो ते पाहू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

येथवर वाचून कोणास वाटेल की, लहान कर्ज ही स्त्रीच्या सर्व दुखण्यांवरील मात्रा आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. २०१० साली आंध्र प्रदेशात काय झाले ते विसरता येणार नाही. लहान कर्जांत नफा आहे हे खासगी कंपन्यांनी हेरले होते. एकाच गावात चार-चार कंपन्या एकाच बाईला कर्ज देऊ लागल्या. एकीचा हप्ता फेडायला ती दुसरीकडून उचलू लागली. त्याच वर्षी अशा एका मोठ्या कंपनीने शेअर बाजारात भागविक्री केली आणि गुंतवणूकदारांच्या त्यावर उड्या पडल्या. इकडे आठवड्याचा हप्ता चुकला की गटातल्याच बायांना त्या घरासमोर बसवले जाई. आत्महत्यांची वृत्ते येऊ लागली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. पुढच्या जानेवारीत मालेगाम समितीने व्याजाला चोवीस टक्क्यांची मर्यादा सुचवली.

बाहेरून पाहता दोन्हीकडे तेच दृश्य. बायांचा गट, लहान रक्कम, तारण नाही, वेळच्या वेळी हप्ता. मग भेद कोठे? आमच्या मते तो भागाच्या त्या दहा रुपयांत आहे. अहमदाबादेत बाई प्रथम मालक झाली, मग ठेवीदार, आणि सर्वांत शेवटी ऋणको. आंध्रात ती केवळ ऋणको होती. मालक कोणी दुसराच, आणि ठेव ठेवून घेण्याची तर त्या कंपन्यांना कायद्याने मुभाच नव्हती. म्हणजे जिला पैसा ठेवायला जागा हवी होती तिला फक्त पैसा काढायला जागा मिळाली. आपल्या बचत गटांनीही हा क्रम कधीमधी तपासून पाहावा. कर्जाच्या रकमेचा आकडा वार्षिक अहवालात ठळक छापला जातो. गटातील किती बायांची स्वतःची ठेव आहे आणि ती त्या स्वतःच्या मर्जीने काढू शकतात काय, हा रकाना आमच्या पाहण्यात क्वचितच आला आहे.

इला भट्ट २ नोव्हेंबर २०२२ रोजी निवर्तल्या. मॅगसेसे पुरस्कार त्यांना १९७७ सालीच मिळाला होता, पद्मभूषण १९८६ साली; राज्यसभेतही त्या होत्या. या सन्मानांची यादी अन्यत्र सहज मिळेल. त्यांच्या बँकेविषयी वाचलेली एक बारीकशी गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. या बँकेतील बऱ्याच बाया आपले पासबुक घरी नेत नसत, बँकेतच ठेवून जात. घरी नेले की किती शिल्लक आहे ते इतरांना कळते, आणि कळले की ती शिल्लक राहत नाही. बँकेने त्यासाठी कपाटात जागा करून दिली.

हे वाचले आणि आमच्या पतपेढीतील त्या भगिनी पुन्हा डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. यजमानांचे कर्ज फिटल्यावर ठेव मोकळी झाली, पुढच्या वर्षी मुलगी शिकायला गेली. उरलेल्या रकमेची त्यांनी नवी ठेव केली आणि पावती हाती घेऊन जाता जाता विचारले, “ही इथंच ठेवता येईल का, साहेब?” तशी पद्धत नाही, असे आम्ही त्यांना सांगितले.